आकडा कुठल्या बाजूला झुकलाय? श्रम-अर्थशास्त्रातला बायस पायरीपायरीने कसा शोधायचा

एप्रिल २०२० या एका महिन्यात अमेरिकेत दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या. बेरोजगारीचा दर १४.७ टक्क्यांवर पोचला. आणि त्याच महिन्याच्या त्याच सरकारी अहवालात खासगी क्षेत्रातलं सरासरी ताशी वेतन १.३४ डॉलरने वाढून ३०.०१ डॉलर झाल्याची नोंद आहे. हे काही मालकांच्या औदार्यामुळे झालं नाही. कमी पगाराचे लोक मोठ्या संख्येने यादीतून गळले आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप वर गेली. हिशेबात चूक नव्हती, नमुनाही प्रचंड मोठा होता. फक्त 'वेतन वाढलं' हा निष्कर्ष कुणी काढला असता, तर तो चुकीचा ठरला असता.

बायस म्हणजे आकड्याचा एकाच बाजूला असलेला झुकाव, आणि तो असा असतो. नमुना दुप्पट केला म्हणून तो निम्मा होत नाही. उलट चुकीच्या आकड्याभोवतीचा विश्वास अंतराल (खरा आकडा ज्यात असावा असा पट्टा) अरुंद होतो आणि आपण आणखी ठामपणे चुकतो. पाठ्यपुस्तकांत याला 'अभिनती' म्हणतात. शब्द नेमका आहे, कारण नत म्हणजे झुकलेलं. पण बोलताना सगळे बायसच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द.

ज्यांच्याकडे सर्वेक्षणाचा डेटा आहे, रिग्रेशन (एका गोष्टीचं इतर गोष्टींशी नातं मोजणारं समीकरण) चालवता येतं आणि वेतन, रोजगार, शिक्षण किंवा एखाद्या योजनेबद्दल काही म्हणायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

कागद आधी, कॉम्प्युटर नंतर

कुणासाठी, कशाचा, कशावर आणि कशाच्या तुलनेत परिणाम मोजायचा आहे, ते एका वाक्यात लिहा. 'प्रशिक्षणाचा कमाईवर परिणाम' एवढ्याने भागत नाही. 'ज्यांनी प्रशिक्षण घेतलं त्यांनी ते घेतलं नसतं, तर दोन वर्षांनी त्यांची कमाई किती असती' हा प्रश्न झाला. यातलं 'नसतं तर' डेटात कधीच सापडत नाही. ते कुणाकडून तरी उसनं आणावं लागतं, आणि बहुतेक बायस या उसनवारीतच शिरतो.

मग पानावर तीन रकाने आखा: बायसचा उगम, दिशा, अंदाजे आकार. माझा सगळा भर मधल्या रकान्यावर आहे. परिसंवादात कुणीतरी हात वर करून 'इथे बायस असेल' म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. त्या वाक्यातून काहीच कळत नाही. तो आकडा वर ढकलतो की खाली, हे विचारा. तुमचा निष्कर्ष 'परिणाम मोठा आहे' असा असेल आणि बायस खाली ओढणारा असेल, तर तो निष्कर्षाला मारक नाही, उलट बळ देणारा आहे. हा रकाना डेटा उघडण्याआधी भरायचा. निकाल पाहिल्यावर भरला, तर सगळे बायस आपल्या सोयीच्या दिशेने वाहू लागतात.

नमुन्यात कोण आलं, कोण राहून गेलं

सर्वेक्षणाची मूळ यादी, प्रतिसाद देणारे, पुढच्या फेरीतही सापडलेले, ज्यांचं वेतन नोंदलं गेलं ते, आणि शेवटी रिग्रेशनमध्ये उरलेले: या प्रत्येक टप्प्यावर किती जण गळाले, ते मोजा. नंतर गळालेल्यांची आणि उरलेल्यांची वय, शिक्षण, सुरुवातीची कमाई शेजारीशेजारी ठेवून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. इतक्या हस्तलिखितांत ते केलेलं नसतं, की आता मी तपासायला घेतल्यावर आधी तेच शोधतो.

श्रम-अर्थशास्त्रात या गळतीचा जुना, प्रसिद्ध नमुना म्हणजे स्त्रियांचं वेतन. वेतन फक्त नोकरी करणाऱ्या स्त्रियांचंच दिसतं. ज्यांना मिळू शकणारं वेतन घरी थांबण्याच्या मोलापेक्षा कमी वाटलं, त्यांचा रकाना रिकामा. जेम्स हेकमन यांनी १९७० च्या दशकात यावर काम केलं आणि १९७९ मध्ये दोन टप्प्यांची दुरुस्ती मांडली: आधी नोकरीत असण्याची शक्यता मोजायची, मग तिच्यातून निघणारी एक संज्ञा वेतनाच्या समीकरणात घालायची. २००० च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा वाटा होता.

वापरताना एक पथ्य पाळा. नोकरी करण्या-न करण्यावर परिणाम करणारा, पण वेतनावर थेट परिणाम न करणारा निदान एक चल (मोजलेली बाब) हवा. तसा नसेल तर सगळी दुरुस्ती 'त्रुटी प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणात आहेत' या गृहीतकाच्या खांद्यावर उभी राहते. लहान मुलांची संख्या हा चल सर्रास वापरला जातो. मला तो पटत नाही, कारण मुलांमुळे नोकरीत पडलेला खंड आणि निवडलेल्या कामाचा प्रकार वेतनातही उतरतो.

गट यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सोडत काढून, पाडलेले असतील, तर डेव्हिड ली यांनी २००९ मध्ये मांडलेल्या मर्यादा जास्त प्रामाणिक आहेत. समजा प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी ६० टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ५५ टक्के नोकरीत आहेत. (६० − ५५) ÷ ६०, म्हणजे साधारण ८.३ टक्के प्रशिक्षित हे केवळ प्रशिक्षणामुळे वेतनाच्या यादीत आले आहेत. ते नेमके कोण हे माहीत नाही. म्हणून प्रशिक्षितांच्या वेतनांतले सर्वांत वरचे ८.३ टक्के काढून सरासरीतला फरक मोजा, ही खालची मर्यादा. सर्वांत खालचे तेवढेच काढून मोजा, ही वरची. गृहीतक एकच जादा लागतं: प्रशिक्षणामुळे कुणाची नोकरी गेली नाही. दोन मर्यादांमध्ये शून्य येत असेल तर तसं लिहावं.

मोजमाप

लोक आपलं शिक्षण, पगार, कामाचे तास चुकीचे सांगतात. यात खोटेपणा क्वचितच असतो. आठवण, गोल आकड्यांची सवय आणि घरातल्या दुसऱ्याच कुणीतरी दिलेलं उत्तर, एवढं पुरतं. डाव्या बाजूच्या, म्हणजे ज्याचं स्पष्टीकरण द्यायचं त्या चलातली निव्वळ यादृच्छिक चूक गुणांकाला (मोजलेल्या परिणामाला) झुकवत नाही, प्रमाण त्रुटी (त्या आकड्याची अनिश्चितता) तेवढी वाढवते. उजव्या, म्हणजे कारण मानलेल्या बाजूची तशीच चूक गुणांकाला शून्याकडे ओढते. किती? मोजलेल्या चलाच्या प्रसरणात (विखुरणीत) खऱ्या चलाच्या प्रसरणाचा जो वाटा, त्याने गुणा. त्या वाट्याला विश्वसनीयता म्हणतात. ती ०.९ असेल तर ०.१० चा परिणाम ०.०९ दिसतो. इथपर्यंत फार बिघडत नाही.

बिघडतं ते आपण हुशारी करायला जातो तेव्हा. शिक्षणाचा कमाईवरचा परिणाम मोजताना घरची परिस्थिती आणि आनुवंशिकता बाजूला काढण्यासाठी जुळ्या भावंडांमधला फरक घेतात. पण जुळ्यांचं शिक्षण एकमेकांशी खूप जुळतं, त्यामुळे वजाबाकीत खरा फरक बराचसा उडून जातो आणि चूक मात्र पूर्ण शिल्लक राहते. सूत्र सोपं आहे: विश्वसनीयता ०.९ आणि जुळ्यांच्या नोंदलेल्या शिक्षणातला सहसंबंध ०.७५ असेल, तर फरकाची विश्वसनीयता (०.९ − ०.७५) ÷ (१ − ०.७५) = ०.६. एक बायस काढायला गेलो आणि ४० टक्के परिणाम दुसऱ्याने खाल्ला. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९४ च्या अभ्यासात यावर झकास तोड काढली. ओहायोतल्या जुळ्यांच्या मेळाव्यात त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या शिक्षणाबरोबर भावंडाचं शिक्षणही विचारलं आणि एकाच्या उत्तरातली चूक दुसऱ्याच्या उत्तराने दुरुस्त केली. तुमच्या सर्वेक्षणात एकच गोष्ट दोनदा, दोन वाटांनी विचारण्याची संधी असेल, तर ती दवडू नका. पॅनेल डेटात (त्याच व्यक्तींच्या अनेक वर्षांच्या नोंदींत) व्यक्तिनिहाय स्थिर परिणाम (प्रत्येकाची न बदलणारी वैशिष्ट्यं वजा करणारी संज्ञा) घालतानाही हाच सापळा असतो. युनियनचं सभासदत्व हे चल वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही, त्यामुळे डेटात दिसणाऱ्या बदलांपैकी बरेचसे नोंदीच्या चुका असू शकतात.

'चूक म्हणजे शून्याकडे ओढ' हा नियमही आंधळेपणाने वापरायचा नाही. होय-नाही प्रकारच्या चलात चूक खऱ्या उत्तरापासून स्वतंत्र असूच शकत नाही: खरं उत्तर 'होय' असेल तर चूक एकाच बाजूला होऊ शकते. कमाईबद्दल, सर्वेक्षणातली उत्तरं सरकारी नोंदींशी ताडून पाहिली तेव्हा जास्त कमावणारे कमी आणि कमी कमावणारे जास्त सांगताना दिसले. आणि ताशी वेतन जर एकूण कमाईला तासांनी भागून काढलं असेल, तर तेच तास डाव्या बाजूला ठेवू नका. तास चुकून जास्त नोंदले गेले की त्याच फटक्यात वेतन कमी दिसतं. वेतन वाढलं की लोक काम कमी करतात, असा भास कागदावरच तयार होतो. जॉर्ज बोर्हास यांनी १९८० मध्ये या भागाकाराच्या बायसकडे लक्ष वेधलं. तरी तो आजही भेटतो.

जे समीकरणात नाही

सुटलेल्या चलाचा बायस म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार: सुटलेल्या चलाचा निकालावरचा परिणाम, गुणिले आपल्या चलाशी त्याचं नातं. क्षमता-चाचणीचा एक गुण वेतन १० टक्क्यांनी वाढवत असेल आणि शिक्षणाच्या एका जादा वर्षासोबत सरासरी ०.२ गुण जास्त दिसत असतील, तर चाचणी वगळल्यावर शिक्षणाचा परिणाम सुमारे २ टक्के-बिंदूंनी फुगलेला दिसेल. खरा ६ टक्के असेल तर ८ दिसेल. दोन्ही आकड्यांची चिन्हं सारखी तर बायस वर, विरुद्ध तर खाली. तिसरा रकाना भरायला एवढं गणित पुरे.

चाचणीचे गुण डेटात नसतील तर? तेव्हा बघायचं, की जी माहिती आहे ती घातल्यावर गुणांक किती हलला. मात्र नुसता 'गुणांक फारसा हलला नाही' हा युक्तिवाद लंगडा आहे. घातलेल्या चलांनी निकालाचं काहीच स्पष्टीकरण दिलं नसेल, तर गुणांक हलेलच कशाला? एमिली ऑस्टर यांची २०१९ ची पद्धत म्हणूनच हालचालीसोबत आर-स्क्वेअर (निकालातल्या चढउतारांपैकी समीकरणाने समजावलेला वाटा) बघते. कंट्रोल (समीकरणात घातलेली इतर चलं) नसताना गुणांक ०.१० आणि आर-स्क्वेअर ०.१५, कंट्रोल घातल्यावर ०.०८ आणि ०.३० असं समजा. कमाल आर-स्क्वेअर त्यांच्या शिफारशीप्रमाणे ०.३० च्या १.३ पट, म्हणजे ०.३९ धरा. न दिसणारे चल दिसणाऱ्यांइतकेच जोरकस असतील, तर दुरुस्त गुणांक साधारण ०.०८ − ०.०२ × (०.०९ ÷ ०.१५) = ०.०६८. शून्यापासून दूर आहे, तेव्हा निष्कर्ष टिकतो. हा १.३ काही निसर्गनियम नाही, १.५ आणि २ घेऊनही करून पाहा.

जे समीकरणात नको

कंट्रोल जितके जास्त तितकं बरं, हा समज कुठून येतो कोण जाणे. स्त्री-पुरुष वेतनातली तफावत मोजताना हुद्दा घातला की तफावत आकसते, आणि 'भेदभाव फार नाही' असं लिहून मोकळं होता येतं. पण बढतीतच भेदभाव असेल, तर हुद्दा हा त्या भेदभावाचा परिणाम आहे. तो स्थिर धरणं म्हणजे मोजायची गोष्टच झाकणं. शिवाय नवा बायस येतो: अडथळे पार करून वरच्या हुद्द्यावर पोचलेल्या स्त्रिया न दिसणाऱ्या गुणांत शेजारच्या पुरुषांपेक्षा सरस असू शकतात, त्यामुळे उरलेली तफावतही खऱ्यापेक्षा कमी दिसते.

चाळणी एकच: हे चल कारणाच्या आधी ठरलेलं आहे की नंतर? प्रत्येक कंट्रोलसमोर वर्ष किंवा वय लिहा. नंतर ठरलेलं असेल तर मुख्य समीकरणातून काढा. हुद्द्यासह आणि हुद्द्याविना असे दोन्ही आकडे द्यायला हरकत नाही, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत हे लिहिलं पाहिजे.

तुलना कुणाशी

१९८६ मध्ये रॉबर्ट लालोंड यांनी जे केलं ते प्रत्येक नव्या संशोधकाने स्वतःच्या हाताने करून पाहावं; डेटा सहज मिळतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत एका रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रमात लोकांची निवड सोडत काढून झाली होती, त्यामुळे खरा परिणाम माहीत होता. लालोंड यांनी सोडतीतला तुलना-गट बाजूला ठेवला, त्याजागी राष्ट्रीय सर्वेक्षणांतले लोक आणले आणि तेव्हाच्या प्रचलित पद्धतींनी तोच आकडा मिळतो का ते पाहिलं. बहुतेक वेळा मिळाला नाही. नंतर राजीव देहेजिया आणि सादेक वाहबा यांनी वापरलेल्या उपनमुन्यात १८५ प्रशिक्षित आणि सोडतीतले २६० अप्रशिक्षित आहेत; १९७८ च्या कमाईतला फरक १,७९४ डॉलर. सोडतीतले २६० काढून पॅनेल सर्वेक्षणातले २,४९० जण आणले, की तोच फरक उणे १५,२०५ डॉलर होतो. चिन्हच उलटं! प्रशिक्षणाला आलेले लोक मुळातच फार कमी कमावणारे होते.

मग आधी-नंतर फरक घ्यावा? तिथे अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये दाखवलेला खड्डा आड येतो. नोकरी गेली, कमाई घसरली म्हणून माणूस प्रशिक्षणाला येतो. कार्यक्रम नसता तरी कमाई काही प्रमाणात सावरलीच असती. खड्ड्याच्या तळापासून मोजलं, तर ते सावरणंही प्रशिक्षणाच्या खात्यात जमा होतं. म्हणून प्रवेशाच्या आधीच्या निदान तीन-चार कालखंडांची कमाई दोन्ही गटांसाठी आलेखावर काढा आणि शेवटच्या एकाच वर्षाला पाया धरू नका. आधीच्या रेषा समांतर दिसल्या म्हणून हुरळूनही जायचं नाही: लहान नमुन्यात ही चाचणी इतकी अशक्त असते, की धोकादायक उतारही 'सार्थ नाही' (निव्वळ योगायोगानेही दिसू शकेल असा) म्हणून सुटतो. 'सार्थ नाही' याऐवजी त्या उताराचा विश्वास अंतराल छापा.

धोरण वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या वर्षी लागू झालं असेल, तर प्रदेश आणि वर्ष यांचे स्थिर परिणाम घालून एकच गुणांक काढण्याची जुनी सवय सोडावी लागेल. अँड्र्यू गुडमन-बेकन यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की त्या गुणांकात आधी धोरण लागू झालेले प्रदेश नंतरच्यांसाठी तुलना-गट म्हणून वापरले जातात. परिणाम काळानुसार वाढत असेल तर ही वजाबाकी आकडा खाली आणते, कधी चिन्हही बदलते. प्रत्येक तुकडी अजून धोरण न लागलेल्यांशीच ताडणाऱ्या पद्धती आता सगळ्या प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये आहेत.

सामाजिक अर्थशास्त्रात, म्हणजे सोबत्यांचा, शेजाराचा परिणाम मोजताना, तुलनेचा आणखी एक पेच पडतो. गट माणसाला घडवतो की माणसं मिळून गट घडवतात, हे नुसत्या सरासऱ्यांवरून वेगळं करता येत नाही. चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये याला प्रतिबिंबाचा प्रश्न म्हटलं. त्यात गट सोडत काढून पाडले, तरी एक यांत्रिक बायस उरतो: कुणीच स्वतःचा सोबती नसतो, त्यामुळे हुशार मुलाचे सोबती सरासरीने किंचित कमी हुशार निघतात. गट पाडण्याची सोडत नीट झाली का, हे तपासताना हा ऋण झुकाव लक्षात घ्या, नाहीतर खोटा दिलासा मिळतो.

साधनचलाचा मोह

शिक्षणाला यादृच्छिक धक्का देणारं काही, म्हणजे साधनचल, सापडलं, की बायस सुटला असं वाटतं. जोशुआ अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी १९९१ मध्ये जन्माची तिमाही वापरली, कारण सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांमुळे तिचा शिक्षणाच्या वर्षांवर थोडा परिणाम होतो. नमुना तीन लाखांहून मोठा. १९९५ मध्ये जॉन बाउंड, डेव्हिड जेगर आणि रेजिना बेकर यांनी खऱ्या तिमाहीऐवजी कॉम्प्युटरने काढलेली काल्पनिक तिमाही वापरली, तरी जवळपास तसेच आकडे आणि तशाच विश्वासार्ह दिसणाऱ्या प्रमाण त्रुटी आल्या. साधनचलं पुष्कळ आणि दुबळी असली, की उत्तर साध्या रिग्रेशनच्या उत्तराकडेच झुकतं. पहिल्या टप्प्याचा एफ (साधनचल किती जोरकस आहे याचं माप) छापा. १० ही जुनी रेघ फार सैल आहे. एकच साधनचल असेल तर दुबळेपणातही टिकणारा अँडरसन-रुबिन अंतराल द्या.

प्रमाण त्रुटीही झुकते

गुणांक बरोबर असला, तरी त्याची अनिश्चितता कमी दाखवणं हाही बायसच. एका कारखान्यातल्या ५० जणांना एकच धोरण लागू असेल आणि त्यांच्या त्रुटींतला सहसंबंध अवघा ०.०५ असेल, तर प्रसरण १ + ४९ × ०.०५ = ३.४५ पट, म्हणजे प्रमाण त्रुटी सुमारे १.८६ पट व्हायला हवी. मारियन बर्ट्रांड, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुलैनाथन यांनी २००४ मध्ये स्त्रियांच्या वेतनाच्या खऱ्या डेटावर मनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले कायदे लावून पाहिले. पाच टक्क्यांच्या पातळीवर या बनावट कायद्यांचा 'परिणाम' ४५ टक्क्यांपर्यंत वेळा सार्थ आला; यायला हवा होता पाच टक्के वेळा.

धोरण ज्या पातळीवर ठरतं त्या पातळीवर क्लस्टर करा, म्हणजे एका गटातल्या सगळ्यांच्या त्रुटी एकमेकांशी बांधलेल्या धरून प्रमाण त्रुटी काढा. क्लस्टर तीस-चाळीसपेक्षा कमी असतील, तर वाइल्ड बूटस्ट्रॅप (डेटातूनच पुन्हापुन्हा कृत्रिम नमुने काढणारी पद्धत). आणि बनावट कायद्यांचा तोच प्रयोग आपल्या डेटावर शंभरदा करून पाहा; पाचाऐवजी वीसदा तारा (सार्थतेची खूण) चमकला, तर तक्ता छापायच्या लायकीचा नाही.

आपला स्वतःचा हात

हे सगळं पार पडल्यावर उरतो तो आपणच केलेला बायस. वयाची मर्यादा २५ ऐवजी २३, लॉगऐवजी सरळ वेतन, दोन विचित्र निरीक्षणं वगळली. प्रत्येक निर्णयाला कारण असतं, पण तारा दिसल्यावर निर्णय घेणं थांबतं. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा आणि चालवलेलं प्रत्येक रिग्रेशन तारखेसह तिच्यात नोंदवा. मुख्य समीकरण निकाल पाहण्याआधी ठरवून सहकाऱ्याला मेल करून ठेवा. औपचारिक पूर्वनोंदणी जमत नसेल, तर निदान एवढं.

इतरांचे अभ्यास वाचतानाही हेच तपासता येतं. १९९५ मध्ये डेव्हिड कार्ड आणि क्रूगर यांनी किमान वेतनावरच्या काल-मालिका अभ्यासांबद्दल साधा प्रश्न विचारला: वर्षं सरतात तसा डेटा वाढतो, मग टी-मूल्यंही (गुणांक भागिले प्रमाण त्रुटी) नमुन्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढायला हवीत, वाढली का? वाढली नव्हती, उलट घटली होती. जणू प्रत्येक अभ्यास २ च्या, म्हणजे सार्थतेच्या रेघेच्या, आसपास पोचेपर्यंत चाळला गेला होता. तुमच्या विषयावरचे पंधरा-वीस निबंध घ्या, आडव्या अक्षावर नमुन्याचं वर्गमूळ आणि उभ्या अक्षावर टी-मूल्य मांडा. ठिपके चढताना दिसण्याऐवजी २ च्या रेषेला चिकटून बसलेले दिसले, तर त्या निबंधांच्या गुणांकांची सरासरी काढून आपला आकडा तिच्याशी ताडण्यात अर्थ नाही. त्यातले सर्वांत मोठ्या नमुन्याचे दोन-तीन अभ्यास तेवढे तुलनेला घ्या.